परदोषदर्शन आणि बंधुबोध

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त नागपूर येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाचा प्रसंग आनंदाचा. अशा वेळीं वक्त्यानें पूर्वजांचे गुण गावे, देवळाच्या पायाभरणीपासूनचा इतिहास सांगावा आणि श्रोत्यांस प्रसन्न करून खालीं बसावें, अशी आपल्याकडे रीत आहे. मंडळानें आमच्याकडे सोपविलेला विषय मात्र तितका गोड नाहीं. दुसऱ्याचा न्याय करूं नये असें प्रभूनें सांगितलें. मग डोळ्यांदेखत अन्याय चालला असतां ख्रिस्ती मनुष्यानें बोलावें कीं गप्प राहावें, असा तो प्रश्न आहे. प्रश्न पुस्तकी नाहीं. आपणांपैकीं प्रत्येकाच्या घरांत, कचेरींत, किंबहुना देवळाच्या आवारांतसुद्धां तो कधीं ना कधीं उभा राहिलेला आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांतील तें वचन जितकें प्रसिद्ध तितकेंच सोयीचें होऊन बसलें आहे. रविवारची मिस्सा आटोपल्यावर आवारांत उभें राहून अमक्याची मुलगी कोणाबरोबर दिसली, तमक्यानें नवें घर कोणत्या पैशानें बांधलें, याची चर्चा करतांना तें आपणांस आठवत नाहीं; तेथें उचलली जीभ लावली टाळ्याला, असा प्रकार असतो. पण कोणी धीर करून जमाखर्चाची वही पाहावयास मागितली, किंवा रोज रात्रीं मार खाणारी एखादी सून तोंड उघडूं लागली, कीं तत्काळ चार वडील मंडळी पुढें येतात आणि गंभीर मुद्रेनें सांगतात, "बाई, न्याय करणारे आपण कोण? देव पाहून घेईल." जेथें बोलूं नये तेथें आपण बोलतों, आणि जेथें बोलावें तेथें शास्त्राच्या आधारानें मौन धरतों.

कुसळ आणि मुसळ हे शब्द आपल्या भाषेंत या दृष्टांतासाठीं इतके चपखल बसले आहेत कीं तो दूरच्या देशांतून आला असें कोणास वाटूं नये. पण बहुतेक लोक तो अर्धाच सांगतात. स्वतःच्या डोळ्यांतलें मुसळ आधीं काढ, येथें ते थांबतात. प्रभु तेथें थांबला नाहीं. मुसळ निघालें म्हणजे तुला स्वच्छ दिसूं लागेल आणि मग बंधूच्या डोळ्यांतलें कुसळ तुला काढतां येईल, असा त्याच्या बोलण्याचा शेवट आहे. म्हणजे कुसळ काढावयाचें आहेच. तें तसेंच राहूं द्यावें असें त्यानें कोठेंही सांगितलेलें नाहीं. नागपुरांत वैशाखांतल्या वावटळींत ज्याच्या डोळ्यांत कस्पट गेलें आहे त्यास हें समजावून सांगावयास नको. डोळा चोळीत उभा राहिलेला मनुष्य सोबत्यास हांक मारतो, त्या वेळीं "तुझ्या डोळ्यांत पाहणारा मी कोण?" असें म्हणून निघून जाणारा सोबती त्यास विनयशील वाटणार नाहीं. मात्र काढणाऱ्याचा हात हलका पाहिजे, बोटें स्वच्छ पाहिजेत, आणि ज्याचा डोळा दुखतो आहे त्याची मान धरून त्यास बाजारांत ओढून नेतां कामा नये.

न्याय करणें या शब्दांचे दोन अर्थ आपण नेहमीं एकांत मिसळतों. अमुक कृत्य वाईट आहे असें म्हणणें हा एक. अमुक मनुष्यच वाईट आहे, त्याचें अंतःकरण मला ठाऊक आहे, तो कधीं सुधारावयाचा नाहीं, असें म्हणणें हा दुसरा. पहिलें केल्यावांचून दहा आज्ञांना कांहीं अर्थच उरत नाहीं. दुसरें काम देवानें आपल्या हातीं दिलेलें नाहीं. तेराव्या शतकांत संत थॉमस आक्विनास यांनीं आपल्या महाग्रंथांत पुराव्यावांचून केलेल्या निवाड्याचा विचार न्याय या सद्गुणाच्या प्रकरणांत केला, आणि चुकणाऱ्या बंधूस सावध करण्याचा विचार प्रीतीच्या प्रकरणांत केला. ही मांडणी मनन करण्याजोगी आहे. खात्रीवांचून कोणास दोषी ठरविणें म्हणजे त्याचें देणें बुडविणें. आणि बंधुबोध करणें, म्हणजे चुकत्या बंधूस प्रेमानें सांगणें, हें भुकेल्यास अन्न देण्याच्या जातीचें दानकर्म होय.

आपणां नागपूरकरांस याविषयीं फार लांब जावयाचें कारण नाहीं. सदर भागांतील आपलें कॅथेड्रल ज्यांच्या नांवें आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनीं हा विषय जितक्या बारकाईनें हाताळला तितका फार थोड्यांनीं हाताळला असेल. त्यांचा जन्म १५६७ सालीं सॅव्हॉय प्रांतांत झाला. १६०२ सालीं ते जिनीव्हाचे बिशप झाले आणि १६२२ सालीं ल्यों शहरीं त्यांनीं देह ठेवला. त्यांचें नांव धारण करणाऱ्या, आनसी येथें १८३८ सालीं स्थापन झालेल्या मिशनरी संघाचे धर्मगुरु १८४५ सालीं हिंदुस्थानाकडे निघाले, आणि त्यांच्याच श्रमांतून पुढें १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत उभा राहिला. म्हणून या संताचें म्हणणें आपणांस घरच्या वडिलांच्या शब्दासारखें वाटावें. सौम्यपणाबद्दल त्यांची ख्याति आहे. पण सौम्यपणा म्हणजे मिळमिळीतपणा असें जर कोणी समजत असेल तर त्यानें १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भक्तिमार्गावरील ग्रंथाचा तिसरा भाग उघडून पाहावा.

तेथें लागोपाठ दोन प्रकरणें आहेत. पहिल्यांत उतावळ्या निवाड्याचा विचार आहे. हा रोग कोणास कशामुळें जडतो याची ते एखाद्या वैद्याप्रमाणें चिकित्सा करतात. कोणाचा स्वभावच आंबट असतो. कोणी गर्वानें दुसऱ्यास खालीं ओढतो, म्हणजे आपण उंच दिसावें. कोणास आपल्याच दोषास सोबती हवे असतात. कोणी मत्सरानें आंधळा झालेला असतो. ज्यास जें कारण, त्यास तें औषध, असें त्यांचें म्हणणें. एकाच कृत्यावरून मनुष्यास नांव ठेवूं नये हेंही ते सांगतात: नोहा एकदां मद्यानें धुंद झाला म्हणून तो दारुडा ठरत नाहीं, आणि पेत्रानें बागेंत एकदां तरवार चालविली म्हणून तो खुनशी ठरत नाहीं. आपल्या गल्लींत मात्र एकदां पाय घसरलेल्या मुलास मरेपर्यंत तेंच बिरूद चिकटून राहतें, आणि त्याच्या लग्नाच्या वेळीं तर तें हमखास उकरून काढलें जातें.

दुसरें प्रकरण निंदेविषयीं आहे, आणि तें सहसा कोणी शेवटपर्यंत वाचीत नाहीं. निंदा टाळण्याच्या नादांत दुर्गुणास सद्गुणाचें नांव देऊं नये, असें तेथें हा सौम्य संत बजावतो. उधळ्यास उदार म्हणूं नये, उद्धटास स्पष्टवक्ता म्हणूं नये. वाईट तें वाईटच म्हणावें. मात्र ज्याच्याविषयीं बोलावयाचें त्याचें किंवा ज्यांच्याशीं बोलावयाचें त्यांचें त्यांत हित असेल तरच बोलावें, आणि शब्द शस्त्रवैद्याच्या पात्यासारखा वापरावा, म्हणजे शिरा आणि स्नायु यांच्यामध्यें जेवढें कापावयाचें तेवढेंच कापलें जाईल. कळपांत लांडगा शिरला असेल तर मात्र ओरडणें हेंच प्रेम, असेंही ते सांगतात. ज्यास फक्त पहिलें प्रकरण आवडतें त्याच्या मनांत बहुधा कांहीं झांकावयाचें असतें. ज्यास फक्त दुसरें आवडतें त्याच्यापासून देव आपलें रक्षण करो.

नागपूर आणि डोंगरावरील प्रवचन यांचा आणखी एक संबंध जातां जातां सांगण्यासारखा आहे. कवि नारायण वामन टिळक हे एकदां नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. वाचतां वाचतां टिळक त्या प्रवचनापाशीं आले आणि तेथेंच गुंतून पडले. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ते प्रोटेस्टंट मंडळींत गेले हें खरें, पण मराठी ख्रिस्ती घरांत त्यांची गाणीं कोणत्या पंथानें गाइलीं नाहींत? समोर बसलेल्या ब्राह्मणाच्या धर्मांतील उणीं काढण्यानें कदाचित् तो प्रवास भांडणांत संपला असता. त्याच्या हातीं एक पुस्तक दिलें गेलें आणि तें आपलें काम करीत राहिलें.

दुसऱ्याकडून न्याय होणें म्हणजे काय, याचा अनुभवही आपल्या समाजास याच शहरांत आलेला आहे. नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी असतां १९५४ सालीं तेथील सरकारनें निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं मिशनरी कार्याची चौकशी करण्यासाठीं समिती नेमली, आणि १९५६ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील अनुमानें आपल्या लोकांस एकांगी वाटलीं. शाळेंत शिकविणारी भगिनी, दवाखान्यांत जखमा धुणारी परिचारिका, सर्वच एका संशयाच्या तराजूंत तोलले गेले अशी भावना झाली. त्या अहवालाचा वाद आज येथें उकरण्याचा आमचा हेतु नाहीं. पण दोन प्रश्न आपण स्वतःस विचारावे असें वाटतें. त्या तक्रारींपैकीं एखादी जरी खरी असेल, तर ती सांगणारा आपला वैरी होता म्हणून ती खोटी होते काय? आणि ज्यास सरसकट न्यायाची झळ लागलेली आहे, तो शेजारच्या वस्तीविषयीं "ते लोक असलेच" असें कोणत्या तोंडानें म्हणतो?

वस्तीचा विषय निघाला म्हणून सांगतों. आपणांतील सर्वांत जुना न्याय जातीचा आहे. बाप्तिस्म्याचें पाणी कपाळावरून ओघळून गेलें तरी पूर्वीचा वाडा कोणता, हें विचारणारीं माणसें आपल्यांत आहेत. सोयरीक जुळवितांना तर हा प्रश्न चहाच्या आधीं येतो. भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनें २०१६ सालीं दलित ख्रिस्ती बांधवांविषयीं एक धोरण प्रसिद्ध केलें व ख्रिस्तसभेच्या आंत जातिभेद चालतो, तो पाप आहे, हें उघडपणें मान्य केलें. मुसळ आधीं काढणें तें हेंच. तें कागदावर काढलें गेलें; बाकीचें काम घरोघरचें आहे.

आतां अन्यायास तोंड देणाऱ्या दोन व्यक्तींविषयीं थोडें बोलूं. पहिले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे ते १९८३ पासून २००७ पर्यंत संपादक होते. वसईच्या हिरव्या पट्ट्यांतील जमिनी आणि विहिरींचें पाणी यांवर पैसा व दांडगाई यांचा डोळा पडला, तेव्हां हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. धर्मगुरूनें वेदी सोडून या भानगडींत कां पडावें, असें म्हणणारे तेव्हांही होते. लोकांना भीति वाटत होती, आणि भीति वाटणाऱ्या लोकांना गप्प बसण्याचा उपदेश करणें त्यांस जमलें नाहीं. पुढें उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, येथें जानेवारी २०२० मध्यें भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं त्यांची निवड झाली, तेव्हां ते धर्मगुरु आहेत एवढ्याच कारणावरून कांहीं मंडळींनीं विरोध केला. त्यांचीं पुस्तकें न वाचतां झगा पाहूनच निकाल दिला गेला. त्यांनीं उलट शिवी दिली नाहीं आणि अध्यक्षपदही सोडलें नाहीं. २०२४ च्या जुलैंत ते प्रभुवासी झाले.

दुसरी सिस्टर रानी मारिया. केरळांत १९५४ सालीं जन्मलेली ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची भगिनी इंदूर धर्मप्रांतांतील उदयनगर येथें १९९२ पासून काम करीत होती. तेथील आदिवासी शेतकरी सावकारी कर्जांत बुडालेले. तिनें त्यांस थोडा थोडा पैसा सांठविण्यास, एकत्र येण्यास आणि आपला हक्क मागण्यास शिकविलें. सावकार पापी आहे असें ओरडत ती गांवोगांव फिरली नाहीं. कर्जदारास सावकाराच्या दारीं जावेंच लागूं नये अशी तजवीज ती करीत गेली, आणि तेंच त्या लोकांस अधिक झोंबलें. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं इंदूरच्या वाटेवर, उतारूंनीं भरलेल्या मोटारीमध्यें, एका तरुणानें तिला सुऱ्यानें भोसकून ठार केलें. दुसऱ्याच्या चिथावणीनें आपण हें केलें असें त्यानें पुढें सांगितलें. उतारूंपैकीं कोणी त्याचा हात धरला नाहीं.

न्यायालयानें त्यास जन्मठेप दिली. २००२ सालीं सिस्टर रानी मारिया हिची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, ही तुरुंगांत जाऊन त्याला भेटली आणि तिनें त्याच्या हातांत राखी बांधली. पुढें कुटुंबानें त्याच्या सुटकेसाठीं खटपट केली आणि २००६ सालीं तो सुटला. २०१७ च्या नोव्हेंबरांत इंदूर येथें रानी मारिया हिला धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें.

या गोष्टीचा दुरुपयोग फार होतो, म्हणून आम्ही ती सावकाश सांगितली. "पाहा, त्यांनीं खुन्यास क्षमा केली, तुला एवढें सोसवत नाहीं?" असें म्हणून तिचा दगड करून दुबळ्याच्या डोक्यांत घालणारे लोक आम्हीं ऐकलेले आहेत. त्या कुटुंबानें खून झाला नाहीं असें म्हटलें नाहीं. साक्षी दडपल्या नाहींत. गुन्हेगार सात वर्षें तुरुंगांत असतां ती राखी बांधली गेली. न्यायालयाच्या निकालाऐवजीं नव्हे, निकालानंतर. आणि ती बांधणारी स्वतः बहीण होती. दुसऱ्या कोणी तिच्या वतीनें क्षमा वांटली नव्हती. ज्याच्या घरीं मढें निघालें नाहीं त्यानें क्षमेची घाई करूं नये.

ख्रिस्तसभेच्या घरांतही असें मौन पाळलें गेलें आहे, हें महोत्सवाच्या दिवशीं सांगणें अप्रिय असलें तरी सांगितलें पाहिजे. अनेक देशांत लहान मुलांवर झालेले अत्याचार वर्षानुवर्षें दडपले गेले. कारण काय, तर झांकली मूठ सव्वा लाखाची. देवाच्या माणसावर बोट ठेवूं नये. सभेची अब्रू जाईल. अब्रू मुलांची गेली, तिचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं. पोप फ्रान्सिस यांनीं मे २०१९ मध्यें नियम घालून दिला कीं अशी गोष्ट कळल्यास प्रत्येक धर्मगुरूनें व व्रतस्थानें ती विनाविलंब वरिष्ठांस कळविलीच पाहिजे, आणि देशाच्या कायद्यानें जें कर्तव्य लादलें असेल तें यामुळें सुटत नाहीं. आपल्या देशांत तर लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास लोक पॉक्सो म्हणतात, त्याच्या १९ व्या कलमान्वयें असा अपराध ठाऊक असलेल्या कोणत्याही मनुष्यानें पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे; न कळविणाऱ्यास २१ व्या कलमांत शिक्षा आहे. पापनिवेदनाची मुद्रा अभंग आहे, पण ती मुद्रा पापनिवेदनापुरती. स्वयंपाकघरांत, शिक्षकांच्या खोलींत किंवा मंडळाच्या बैठकींत कळलेल्या गोष्टीवर ती मारतां येत नाहीं.

आतां कोणी विचारील, कीं मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत तर आधीं एकांतांत जाऊन सांग, मग दोघां-तिघांस घेऊन जा, मग मंडळीस सांग, असा क्रम दिलेला आहे; त्याचें काय? तो क्रम बंधूनें बंधूचा अपराध केला त्यासाठीं आहे. वांटणीचें भांडण, उसनवारी, अपशब्द, रागानें बंद झालेलें बोलणें, यांसाठीं त्याहून चांगली वाट आम्हांस ठाऊक नाहीं. आणि गंमत अशी कीं तीच आपण उलटी चालतों. आधीं मंडळीस सांगतों, मग दोघां-तिघांस, आणि ज्याचा संबंध त्यास शेवटपर्यंत सांगतच नाहीं. पण दहा वर्षांच्या मुलीनें आपल्यावर हात टाकणाऱ्यास एकांतांत गांठून समजावावें, असा अर्थ त्या अध्यायांतून काढणाऱ्यानें त्याच अध्यायाच्या आरंभीं लहानांस अडखळविणाऱ्याविषयीं आणि जात्याच्या तळीविषयीं प्रभु काय बोलला तें आधीं वाचावें. मार खाणाऱ्या सुनेचेंही तसेंच. तिला प्रथम सुरक्षित ठिकाणीं पोंचवावें. समेटाचें मागून पाहतां येईल.

त्या क्रमाच्या शेवटीं, जो कोणाचेंच ऐकत नाहीं त्यास जकातदारासारखा समज, असें सांगितलें आहे. हें लिहून ठेवणारा मत्तय स्वतः परंपरेप्रमाणें जकातदार होता, आणि त्याच्या पंक्तीस प्रभु जेवला होता.

मोठ्यांस बोलावें कीं नाहीं, हा शेवटचा प्रश्न राहिला. अंत्युखियांत संत पेत्र आधीं परजातीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवीत असत; यरुशलेमहून कांहीं मंडळी आल्यावर भीतीनें ते वेगळे बसूं लागले. पंक्तिभेद आपणां मराठी माणसांस समजावून सांगावयास नको. पेत्र म्हणजे साक्षात् प्रेषितांचे प्रमुख. तरी संत पौलानें त्यांस सर्वांसमक्ष तोंडावर सांगितलें, कारण पंक्ति सर्वांसमक्ष मोडली होती, आणि ती हकीकत गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत नमूद करून ठेवली. पेत्रांनीं त्या दिवशीं काय उत्तर दिलें तें शास्त्रांत कोठेंही दिलेलें नाहीं. परंतु पेत्रांच्या नांवें असलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पौलाचा उल्लेख येतो, आणि तेथें त्यास प्रिय बंधु म्हटलेलें आहे.